वेलगुलाबाच्या काड्या जगल्या. आता जमिनीत केव्हा व कशा लावाव्यात?

कृष्णाकाठ:

वाईजवळ माझ्या माहेरी पडवीच्या पन्हाळीपर्यंत चढलेला एक जुना वेलगुलाब आहे. फिकट गुलाबी, अंगठ्याच्या पेराएवढ्या कळ्यांचे घोस थंडी सरता सरता एकदम येतात आणि नंतर वर्षभर तुरळक फुले दिसत राहतात. काटे फारच थोडे आहेत आणि वास मंद आहे. ते घर पाडून तेथे नवे बांधकाम व्हायचे आहे व दिवाळीनंतर कामाला सुरुवात होईल असे भाऊ सांगतो, म्हणून आषाढात या वेलाच्या काड्या आणून मी नाशिकला पिशव्यांमध्ये लावल्या. काही काड्या बुडाशी काळ्या पडून गेल्या, काहींना चांगली पालवी फुटली आणि पुढे तीच मान टाकून वाळली. उरलेल्यांची पाने मात्र अजून तजेलदार असून त्यांना आता दुसऱ्यांदा फूट येऊ लागली आहे.

ही रोपे अंगणात कुंपणाच्या भिंतीलगत लावायची आहेत. भिंतीचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तिच्यावर कडक ऊन असते, पण वेल पसरवता येईल अशी दुसरी जागा आमच्याकडे नाही. जमीन काळी व चिकट आहे. पावसाळ्यात तिच्यातले पाणी लवकर हटत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी बोअरचे, जड आहे.

पालवी येऊनही काड्या का वाळाव्यात, उरलेली रोपे जमिनीत लावण्याइतकी तयार झाली आहेत हे कशावरून ओळखावे, आणि अशा जमिनीत खड्डा कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. रत्नागिरीला राहणाऱ्या माझ्या बहिणीलाही हा वेल हवा आहे. तिच्यासाठी आता आश्विनात आणखी काड्या घेतल्या तर चालतील का? येथील एका नर्सरीत मला "काडीचा गुलाब टिकत नाही, कलमीच घ्या" असे ऐकवण्यात आले. पण मला दुसरा कुठला गुलाब नको असून हाच हवा आहे.

अंगणवेल:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की पालवी फुटणे आणि मुळे फुटणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. काडीत साठलेल्या अन्नावर आणि ओलाव्यावर डोळे फुटतात, आणि त्या वेळी खाली मुळाचा पत्ताही नसू शकतो. पाने उमलली की ती बाष्प सोडू लागतात. त्या वेगाने पाणी वर पोहोचवायला मुळे तयार नसली की साठा संपतो आणि पालवी मान टाकते. म्हणूनच काडीला पहिली पाने आल्यावर घाईने सावलीतून उन्हात नेणे घातक ठरते. बुडाशी काळ्या पडलेल्या काड्यांचे कारण वेगळे आहे. मातीत पाणी साचले, हवा खेळली नाही, म्हणजे काप भरून येण्याआधीच कुजतो. आषाढातल्या झडीत पिशवी उघड्यावर असेल तर हे हमखास होते.

तुमच्या उरलेल्या रोपांना दुसरी फूट आली आहे, ही चांगली खूण आहे, कारण मुळांवाचून दुसरी फूट सहसा येत नाही. तरीही खात्री करून घ्यावी. काडी उपटून किंवा हलवून पाहू नये; नवी मुळे पांढरी आणि ठिसूळ असतात, एका हिसक्यात तुटतात. पिशवीच्या तळाच्या भोकांतून पांढरी टोके डोकावताना दिसली, किंवा पिशवी हलकेच दाबल्यावर आतली माती भुसभुशीत न लागता एकसंध गोळ्यासारखी लागली, म्हणजे रोप तयार आहे. पुढच्या वेळी पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यांत काड्या लावल्या तर हा प्रश्नच उरत नाही. फक्त पेल्याभोवती कागद गुंडाळून ठेवावा, कारण मुळांना उजेड मानवत नाही.

लावणीची वेळ. पाऊस संपला तरी ऑक्टोबरचा उन्हाचा चटका ओसरेपर्यंत थांबावे. दसऱ्यापासून रोपांना सकाळचे ऊन थोडे थोडे वाढवत नेऊन सवय लावावी आणि दिवाळीच्या आगेमागे जमिनीत लावावे. नाशिकची थंडी गुलाबाला अतिशय मानवते, आणि उन्हाळ्याच्या आत मुळे खोल जायला तीन-चार महिने मिळतात. हीच रोपे फाल्गुनात लावली तर पश्चिमेची भिंत त्यांना भाजून काढील.

आता खड्डा, आणि येथे मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक पुस्तकांत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो शेणखत, वाळू व पोयटा यांच्या मिश्रणाने भरावा असे सांगितलेले असते, आणि ते मुरमाड किंवा तांबड्या जमिनीसाठी योग्यही आहे. चिकट काळ्या जमिनीत मात्र असा खड्डा म्हणजे हौद होतो. भोवतालच्या घट्ट मातीतून पाणी झिरपत नाही, ते सगळे खड्ड्यातल्या भुसभुशीत मिश्रणात येऊन साचते आणि श्रावणात मुळे गुदमरतात. म्हणून खोल जाण्याऐवजी वर यावे. भिंतीलगत साधारण तीन फूट रुंदीचा व फूटभर उंचीचा वाफा करावा. त्यात तिथलीच काळी माती निम्म्याहून अधिक ठेवून उरलेल्या भागात पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडसर मुरूम मिसळावा. बारीक वाळू टाकू नये, काळ्या मातीत ती थोडी मिसळली तर माती मोकळी होण्याऐवजी अधिकच घट्ट बसते. कच्चे शेण तर अजिबात नको, त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या कोवळी मुळे खातात. मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास उत्तम.

रोप भिंतीला चिकटवून लावू नये. दीड फूट अंतर ठेवावे. पायाजवळ बांधकामाच्या वेळचा चुना, सिमेंट, विटांचे तुकडे पडलेले असतात, त्यांमुळे आधीच विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) असलेली माती आणखी बिघडते, आणि भिंतीची धगही तेथेच सर्वांत जास्त असते. वाफ्यावर उसाचे पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा, तो खोडाला मात्र टेकू देऊ नये. तुम्ही म्हणता त्या भेगा पडू लागल्या की त्यांच्याबरोबर मुळेही तुटतात, आणि त्या रोखायला आच्छादनासारखा उपाय नाही.

डोळाभरणी:

नर्सरीवाल्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, एवढे नोंदवण्यासाठी लिहितो. हा माझा रोजचा व्यवसाय आहे. बाजारात मिळणारे मोठ्या फुलांचे, एका दांड्यावर एक फूल देणारे गुलाब स्वतःच्या मुळांवर बहुधा रोडावतात, म्हणून त्यांचे डोळे खुंटावर, म्हणजे दुसऱ्या काटक गुलाबाच्या मुळासकट खोडावर, भरले जातात. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः थंडीत, साल सहज सुटते तेव्हा होते. खुंटाची निवड जमिनीवरून ठरते. बिनकाट्याचा मल्टिफ्लोरा थंड हवेच्या, आम्लधर्मी डोंगराळ जमिनीत उत्तम चालतो, पण चुनखडीच्या जमिनीत पिवळा पडतो. रोझा इंडिका ओडोराटा मात्र क्षार आणि विम्लता बऱ्यापैकी सोसतो. तुमची जमीन काळी आणि पाणी बोअरचे, म्हणजे मुळे कोणाची आहेत या प्रश्नाला येथे महत्त्व आहे.

तुमच्या वेलाबद्दल माझी शंका अशी होती की मूळ कलम केव्हाच मरून खाली राहिलेला खुंटच वर चढला असावा. जुन्या वाड्यांतले निम्मे वेलगुलाब याच जातकुळीचे निघतात. पण मल्टिफ्लोराचा खुंट वर्षातून एकदाच फुलतो आणि त्याची फुले बहुधा एकेरी असतात. तुमचा वेल नंतरही तुरळक फुलतो आणि कळ्या भरगच्च आहेत असे दिसते, त्यामुळे ती शंका मी मागे घेतो. वर्णन ऐकून सेसिल ब्रुनर या गुलाबाच्या वेली प्रकाराची आठवण होते. मूळ झुडपी गुलाब फ्रान्समध्ये लियॉं येथील ड्युशे यांच्या रोपवाटिकेतून १८८१ मध्ये आला आणि १८९४ मध्ये कॅलिफोर्नियात त्याच्या एका फांदीने वेलीचे वळण घेतले. तोच प्रकार पुढे जगभर पसरला. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नाव ठोकून देणे मला योग्य वाटत नाही, मात्र तो वेल हाच असेल तर काडीवर तो उत्तम वाढतो आणि त्याला खुंटाची गरज नाही.

एक सूचना करतो. आणखी काड्या घ्याल तेव्हा लांब, जोमदार, वेलासारख्या वाढलेल्या आणि फुले येऊन गेलेल्या फांद्यांच्याच घ्याव्यात. झुडपी गुलाबापासून झालेला वेल असेल तर क्वचित एखादी आखूड फांदी पुन्हा झुडपी वळणावर गेलेली असते, आणि जमिनीलगतचा फुटवा कशाचा आहे हे तर सांगताच येत नाही.

कृष्णाकाठ:

दोघांचेही आभार. वेलाची कळी खरोखरच कोटाला लावावी अशी रेखीव असते, त्यामुळे सुचवलेले नाव मला पटण्यासारखे वाटते. आता पुढचे विचारते. काडी नेमकी कोणती आणि कशी कापावी? आंतरजालावरच्या चित्रफितींत कोणी काडी बटाट्यात खुपसतात, कोणी मधात किंवा कोरफडीच्या गरात बुडवतात. यात काही तथ्य आहे का? आणि तो मूळ वेलच उचलून आणता येईल का, असे भाऊ विचारत आहे.

अंगणवेल:

बटाट्यात काही तथ्य नाही. बटाटा कुजतो आणि आपल्याबरोबर काडीलाही नेतो. मध व कोरफड यांनी नुकसान होत नाही, पण मुळे फुटण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. शेतीच्या दुकानात मुळे फुटण्यासाठीची संजीवकाची पूड मिळते, तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असते. ती चिमूटभर पुरते. काडीचे ओले टोक तिच्यात टेकवून जादा पूड झटकून टाकावी, आणि टोक थेट डब्यात न बुडवता थोडी पूड कागदावर काढून घ्यावी, म्हणजे उरलेली खराब होत नाही.

काडी ओळखण्याची सोपी रीत म्हणजे काटा. फूल झडून गेलेल्या फांदीवरचा काटा अंगठ्याने बाजूला दाबावा. तो कट्कन निघून आला आणि खाली स्वच्छ, ओलसर चट्टा राहिला तर फांदी योग्य पिकलेली आहे. काटा वाकला किंवा साल घेऊन निघाला तर ती अजून कोवळी आहे, आणि फांदी करडी व खरखरीत असेल तर ती फार जून आहे. तुमच्या वेलाला काटे थोडे आहेत, पण प्रत्येक फांदीवर एखाददुसरा तरी सापडेलच. पेन्सिलीएवढ्या किंवा थोड्या बारीक जाडीची, वीतभर लांब आणि तीन-चार डोळ्यांची काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा घ्यावा, वरचा काप डोळ्यापासून अर्धा सेंटिमीटर वर तिरका घ्यावा. अशाने कोणते टोक वरचे हा घोळही होत नाही. खालच्या टोकाशी एका बाजूने नखाएवढी साल तासून काढली तर मुळे तेथून लवकर फुटतात. वरची दोन पाने ठेवावीत, तीही अर्धी कापून, आणि बाकीची काढावीत. कोकोपीट व जाड वाळू समभाग घेऊन त्यात निम्मी काडी पुरावी, वर कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घालावी, आणि सगळे पूर्ण सावलीत पण उजेडात ठेवावे. बाटलीच्या आत धुके धरलेले दिसते तोवर पाणी घालायचे कारण नाही. हवा बदलण्यासाठी मधूनमधून बाटली उचलावी. साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात, थंडीत थोडा अधिक वेळ लागतो. आश्विन-कार्तिकात घेतलेल्या काड्या आषाढातल्यांपेक्षा कमी कुजतात, असे माझे मत आहे. गैरसोय एवढीच की हवा कोरडी होत असल्यामुळे बाटली लवकर काढता येत नाही.

मूळ वेल उचलणे शक्य आहे, पण दिवाळीला घाई होईल. भावांनी बांधकाम डिसेंबर-जानेवारीपर्यंत लांबवले तर फांद्या गुडघ्याएवढ्या राखून बाकी छाटाव्यात, खोडाभोवती दीड-दोन फुटांवरून चर खणून मातीच्या गोळ्यासह तो काढावा आणि गोळा ओल्या गोणपाटात बांधून त्याच दिवशी लावावा. जुने, जाड खोड असे हलवल्यावर जगेलच अशी हमी देता येत नाही, म्हणून काड्या आधी, वेल नंतर. एखादी लांब फांदी जमिनीपर्यंत वाकत असेल तर दाब कलमही करून पाहावे. फांदीच्या खालच्या बाजूस जीभेसारखा काप घेऊन तेवढा भाग मातीत पुरावा आणि वर दगड ठेवावा. मुळे धरेपर्यंत तिला आईकडूनच पाणी मिळत राहते, त्यामुळे ती वाळण्याची भीती जवळजवळ नसते. पण याला दोन-तीन महिने लागतात आणि तुमच्या हाती तेवढा वेळ आहे का, हे भाऊच सांगू शकतील.

जांभा:

मी रत्नागिरी जिल्ह्यातच राहतो, म्हणून बहिणीपुरते लिहितो. आमची तांबडी जांभ्याची जमीन आम्लधर्मी असते आणि तिच्यातून पाणी भराभर निथळते, त्यामुळे वर सांगितलेल्या उंच वाफ्याची येथे निकड नाही. उलट माती फार उथळ असेल तर कातळापर्यंत पोहोचेल एवढा खड्डा खणून तो शेणखत व गाळाच्या मातीने भरावा लागतो. येथे खरी अडचण पावसाची आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथे पडतो तेथे गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके येणार, पाने पिवळी पडून गळणार, आणि श्रावणात वेल जवळजवळ उघडा दिसणार हे धरूनच चालावे. तो मेला असे समजून उपटू नये, आश्विनात पुन्हा फुटतो. गळलेली पाने गोळा करून जाळावीत, पाणी पानांवर न मारता बुडाशी घालावे, आणि वेल भिंतीवर दाट न चढवता मोकळ्या जाळीवर चढवावा म्हणजे वाऱ्याने पाने लवकर सुकतात. पश्चिमेकडून येणारा समुद्राचा खारा वारा थेट लागणार नाही अशी जागा पाहावी.

वाळवीकडेही लक्ष ठेवायला सांगा. छाटलेल्या फांदीचे वाळके टोक राहिले की वाळवी तेथून शिरते, म्हणून छाटणी नेहमी जिवंत, हिरव्या गाभ्यापर्यंत करावी आणि आधाराच्या काठ्या लाकडाच्या असतील तर त्यांच्या बुडांना डांबर लावावे. नाशिकहून रोप पाठवण्यापेक्षा वाईहून काड्याच ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीतून आणाव्यात. दोन दिवस त्यांना काही होत नाही.

डोळाभरणी:

बोअरच्या पाण्याविषयी राहून गेले. वर्षभरात कधीतरी नवी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या अशी दिसू लागतील. तो रोग नसून लोहाची उणीव असते. जमिनीत लोह असते, पण सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता दाखवणारा आकडा) आठच्या आसपास गेला की ते मुळांना घेता येत नाही. दुकानदार चिलेटेड, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातल्या, लोहाची पुडी देतो, तिच्यावरचे बारीक अक्षर वाचावे. ईडीटीए असे लिहिलेले असेल तर ते अशा जमिनीत फार काळ टिकत नाही, पानांवर फवारायला ठीक आहे. जमिनीत द्यायचे असेल तर ईडीडीएचए मागून घ्यावे, ते महाग पडते पण काम करते. पावसाचे पाणी पिंपात साठवता आले तर उन्हाळ्यात अधूनमधून तेच द्यावे.

कृष्णाकाठ:

भावाने जानेवारीपर्यंत थांबायचे कबूल केले आहे आणि दाब कलमासाठी एक फांदीही त्याने वाकवून ठेवली आहे. शेवटचे विचारते. तयार रोपांपैकी एकाला शेंड्यावर चक्क कळ्यांचा घोस आला आहे. तो ठेवावा की खुडावा? आणि भिंतीवर तारा किती अंतराने बांधाव्यात?

अंगणवेल:

घोस खुडावा. या थंडीत रोपाने जे काही कमवायचे ते मुळांवर खर्च झाले पाहिजे. एखादी कळी जीव रमवायला ठेवलीत तर कोणी रागावणार नाही, पण पूर्ण घोस नको.

तारा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या, आडव्या बांधाव्यात. पहिली जमिनीपासून दीड फुटावर आणि पुढच्या सव्वा-सव्वा फुटाच्या अंतराने असाव्यात. भिंतीपासून त्या तीन-चार इंच सुटलेल्या राहतील असे लांब खिळे किंवा कोन ठोकावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि धग थेट लागत नाही. पहिली दोन वर्षे लांब फांद्यांना कात्री लावू नये. वाळलेले व किडके तेवढे काढावे. फांदी दोन-तीन हात वाढली की ती कोवळी असतानाच पंख्याच्या काड्यांसारखी तिरकी पसरवत आडवी आणावी, कारण सरळ उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो आणि फुले फक्त टोकाला येतात. ती आडवी झाली की हा दाब सुटतो, प्रत्येक डोळ्यातून आखूड फांदी निघते आणि त्या प्रत्येकीवर घोस लागतो. बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घ्याव्यात, तारेचा वेढा सालीत रुततो. पट्टीला तार आणि फांदी यांच्यामध्ये एक पीळ द्यावा, गाठ तारेच्या बाजूला मारावी आणि फांदीभोवती बोट जाईल एवढी सैल ठेवावी.